आमच्या डॉक्टरचं नाव कसं पडलं

गव्हाणला येऊन कोणाला पण विचारा, प्रणित तांडेल कुठं राहतो, तर समोरचा डोकं खाजवत बसेल. मंग विचारा, डॉक्टर कुठं राहतात. लगेच हात करून दाखवेल, ती होडी उलटी घातलेली दिसते ना, तेच घर.

डॉक्टर म्हंजे माझा सख्खा धाकटा भाऊ. आता खरं सांगायचं तर तो डॉक्टर नाय. सुया टोचणारा नायच नाय, पण तो दुसरा, मोठा प्रबंध लिहून होतात तो, तो पण नाय. तरी नाव डॉक्टर. बोर्ड मी लावला, नाव गावानं ठेवलं. कसं ते सांगतो, कारण माझ्याइतकं नीट कोणाला सांगता येणार नाय.

मी विठू तांडेल. आठवी पास. पास हां, नापास नाय. शाळा मी सोडली, शाळेनं मला सोडलं नाय. गावात पहिला डंपर माझा आला, तेव्हा आमच्या गावचाच निकेश अजून सायकलवर फिरत होता. आज त्याच्याकडं पण डंपर हाय, पण पहिला कोणाचा, विचारा. खाडीत भराव टाकायची कामं निघाली तेव्हा आमच्या गावातनं पहिला मी घुसलो. ज्या खाडीत आमचा बा जाळं लावायचा त्याच खाडीत मी माती टाकली. लोक बोलतात मागं, बोलू द्या. मी नसती टाकली तर दुसऱ्या कोणी टाकली असती, आणि मंग प्रणितला पनवेलच्या कॉलेजात कोणी शिकवला असता? निकेशनं?

आमच्यात एक रीत हाय. आडनाव कागदावर, पण गावात घराला वेगळंच नाव असतं, आणि ते दुसऱ्यांनी ठेवलेलं असतं. आमच्या घराला 'उपाशी' बोलतात. का, तर आमचा आजा कोणाच्या तरी हळदीला गेला होता. पंगतीत त्याच्या पुढनं वाढपी तसाच पुढं गेला. आजा उठला, हात पण न धुता चालता झाला, आणि त्या घरी परत कधी जेवला नाय. तेव्हापासून उपाशी. पोरंसोरं रस्त्यात ओरडायची, उपाशी आला, उपाशी आला. मंग आजानं नवीन होडी केली आणि काय केलं माहित हाय? होडीच्या नाळेवर, म्हंजे पुढच्या टोकावर, मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं, उपाशी. घ्या! तोंडंच बंद झाली सगळ्यांची. ही गोष्ट मी प्रत्येक लग्नात सांगतो. लोक मागून घेतात, "विठू, ती आजाची सांग." मी उभा राहून सांगतो, होडीशी आलो की आवाज चढवतो, आणि सगळा मांडव टाळ्या देतो.

प्रणितला ही गोष्ट लहानपणापासून मीच ऐकवलेली. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

त्यानं तत्त्वज्ञान घेतलं. मी बोललो, "हे काय असतं?" तो बोलला, "दादा, विचार कसा करायचा ते." मी बोललो, "ते तर मी फुकट करतो." हसला. कमी हसायचा तो, पण माझ्या बोलण्याला हसायचा. शिकवायला रमा मॅडम होत्या. पुण्याच्या, नवीन पनवेलला राहायच्या, बारीक आवाजात बोलायच्या. त्यांनीच त्याला त्या आजीविकांचं वेड लावलं.

एक दिवस बा ओट्यावर फाटकं जाळं विणत बसला होता. जाळ्याला काम उरलं नव्हतं, पण हाताला सवय. प्रणित कॉलेजातनं आला आणि बाच्या शेजारी बसला.

"बा, लय जुन्या काळात साधूंचा एक पंथ होता. बुद्धाच्या वेळचा. ते बोलायचे, माणसाच्या हातात काय नाय. सगळं ठरलेलं. सुताचा गुंडा फेकला की कसा सुटत सुटत जातो, सूत संपलं की थांबतो, तसं आयुष्य. मधी कोणी कायपण करू शकत नाय."

बानं दोऱ्याचं रीळ हातात धरलं होतं, त्याच्याकडं बगितलं.

"मंग खाडीतली मासळी गेली ती पण ठरलेलीच?"

"ते तसंच बोलले असते."

"बरं झालं," बा बोलला. "म्हंजे माझं काय चुकलं नाय."

मला राग आला. मी अंगणात टायर तपासत होतो, तिकडनंच ओरडलो, "असला कसला पंथ रं? सगळं ठरलेलं, मंग माणसानं हातपाय हलवायचेच नाय? मी बसून राहिलो असतो तर डंपर काय आपोआप चालत आला असता?"

प्रणित बोलला, "ते बोलले असते, दादा, तुझं हातपाय हलवणं पण ठरलेलंच होतं."

असल्या माणसांशी भांडून उपयोग नाय. ती जिंकायला बगतच नाय.

पण त्याला त्या पंथाच्या म्हणण्यापेक्षा पंथाच्या नावात जास्त गोडी. आजीविक. हे नाव आलं कुठनं? मला त्यानं होडीवर बसवून समजावलं, आणि मला एकदाच सांगून समजलं.

"आजीव म्हंजे पोट भरायचा मार्ग. उपजीविका बोलतो ना आपण, त्याच घरातला शब्द. आजीवावर चालतो तो आजीविक."

"म्हंजे पोटवाले?"

"तसंच. काही पंडित बोलतात, हे नाव त्यांच्या विरोधकांनी चिडवायला ठेवलं. हे कसले साधू, हे तर पोटासाठी साधू झाले, असं. दुसरे बोलतात, तसं नाय, 'आ जीव', म्हंजे जीव असेपर्यंत. मरेपर्यंत व्रत पाळणारे ते आजीविक. तिसरे बोलतात, आजीव म्हंजे नुसती जगायची पद्धत, त्यांची पद्धत वेगळी म्हणून हे नाव."

"मंग त्यांनाच विचार ना. त्यांच्या पुस्तकात असेल."

"तिथंच तर घोळ हाय. त्यांचं एक पण पुस्तक उरलं नाय. जे कळतं ते सगळं त्यांच्या विरोधकांनी लिहिलेलं."

मी विचार केला आणि बोललो, "म्हंजे विठू तांडेल कसा माणूस होता ते निकेशला विचारून लिहायचं, तसं झालं हे."

"बरोब्बर, दादा."

बरोब्बर बोलला! मॅडमनी पण पुढं कधीतरी कॉलेजात हे उदाहरण दिलं बोलतात. आता निकेशला कळलं नाय की तो कॉलेजात शिकवला जातो, ते सोडा.

प्रणितचं म्हणणं वेगळंच होतं, आणि ते आमच्या घरातनं आलेलं होतं. तो बोलायचा, नाव चिडवायलाच ठेवलं असणार. पण मंग त्यांनी ते उचललं आणि स्वतःच घातलं अंगावर, आजानं होडीवर घातलं तसं. हो, आमी पोटवाले, आमी आजीविक, बोला काय ते. शिवीचं नाव झालं. ह्याच्यावर त्यानं प्रबंध धरला. रमा मॅडम गाईड. दिवसा कॉलेजात तासावर शिकवायचा, म्हंजे जेवढे तास घेतले तेवढंच. कायम नोकरी नाय. मॅडम बोलल्या होत्या, मी रिटायर होतेय, माझी जागा रिकामी होईल, त्याच्या आत डॉक्टर हो. सगळं त्या एकावर अडकलेलं. प्रबंध पास तर डॉक्टर, डॉक्टर तर जागा, आणि जागा म्हंजे जन्माचं काम.

मधी बा गेला. प्रणितला बिहारला जायचं होतं, तिथं डोंगरात गुहा हायत, राजानं आजीविकांना दान दिलेल्या. गयेच्या जवळ. मी बोललो, गयेला चाललास तर मी पण येतो, बाचं पिंडदान करून टाकू. तो पिंडाला माझ्याबरोबर बसला, भटजी बोलला तसं पाणी सोडलं. मी विचारलं, "तुझे आजीविक हे मानायचे का?" तो बोलला, "मी तुझ्यासाठी बसलो, दादा."

गुहा बगून मी पण गार झालो, खोटं नाय बोलणार. अखंड दगडात खोदलेल्या, आणि आतली भिंत अशी घासलेली की आरशासारखा माणूस दिसावा. मी कामं बगितलेली हायत, पण असं काम नाय. दाराशी अक्षरं कोरलेली. प्रणितनं एके ठिकाणी बोट ठेवलं. तिथं दगडाचे कपचे काढलेले.

"इथं आजीविक लिहिलं होतं. राजानं आजीविकांना दिली. मागनं कोणीतरी येऊन तेवढंच नाव छिन्नीनं उडवलं."

"आणि बाकीचं ठेवलं?"

"बाकीचं ठेवलं. दान राहिलं, कोणाला दिलं ते गेलं."

तो लय वेळ तिथंच उभा होता. मी बाहेर जाऊन चहा मिळतो का बगत होतो. परत आलो तरी बोट तिथंच. मी बोललो, "चल रं, ते काय परत उगवणार हाय का?"

प्रबंध पुरा झाला आणि त्यानं युनिवर्सिटीत जमा केला, त्याच दिवशी मी बोर्ड लावला, फ्लेक्सचा. नाक्यावर, पोलाला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. वर प्रणितचा फोटो, कोट घातलेला. कोट त्याचा नव्हता, तो फोटोवाल्यानं घातला. खाली, 'गव्हाण गावचे पहिले डॉक्टर, डॉ. प्रणित तांडेल यांचे हार्दिक अभिनंदन.' एका बाजूला गावकीचे पुढारी दाजी, एका बाजूला मी, गॉगल लावून. बेंजोवाले सांगितले. नाक्यापासून घरापर्यंत वाजवत आणला त्याला.

तो मधीच कानाशी लागला, "दादा, अजून काय झालं नाय. तोंडी परीक्षा बाकी हाय. दोन परीक्षक वाचणार, मंग बोलवणार, मंग ठरणार."

"मंग होईल की! पेपर दिला म्हंजे झालं. तू नापास कधी झालायस का?"

"ही तशी परीक्षा नसते."

"परीक्षा ती परीक्षा. नाच!"

नाचला नाय. पण माझ्या शेजारी चालला, सगळ्यांना हात जोडत. निकेश पण आला होता, हार घेऊन. हार घालताना बोलला, "काय डॉक्टर, आता आमची नाडी बगणार का?" आणि लोक हसले. तिथनं चालू झालं. बोर्ड लावला त्यात माझं काय चुकलं? मी आज पण तेच बोलतो. भावाचं कौतुक मी नाय करणार तर निकेश करणार?

तोंडी परीक्षेला गाव घेऊन गेलो मी. उघडी असते ती, कोणी पण बसू शकतो, हे मी आधी विचारून घेतलं होतं. दोन जीपा भरून माणसं. दाजी इस्त्रीचे पांढरे कपडे घालून पहिल्या रांगेत. पेढ्यांचे खोके आमच्या मांडीवर, हार पिशवीत. युनिवर्सिटीतली माणसं आमच्याकडं बगत होती, लग्नाचा हॉल चुकले का काय.

बाहेरनं आलेले परीक्षक सर उंच, शांत माणूस. वाईट नव्हते, ते पण सांगतो. त्यांनी प्रणितची स्तुती केली. बोलले, नावाच्या तिन्ही व्युत्पत्त्या तुम्ही फार नेटक्या तपासल्यात. मी दाजींना कोपर मारला.

मंग ते बोलले, "पण शेवटचं प्रकरण. तुमचा दावा असा की हे नाव चेष्टेचं होतं आणि त्यांनी ते आपणहून, अभिमानानं स्वीकारलं. मला त्यांच्या स्वतःच्या तोंडचा एक शब्द दाखवा."

प्रणित बोलला, "शब्द नाय, सर. त्यांचं काहीच उरलेलं नाय."

"दानलेखात नाव आहे म्हणता."

"ते राजाचे शब्द. पण राजानं दानाच्या लेखात चेष्टेचं नाव कशाला कोरलं असतं? म्हंजे तोपर्यंत ते त्यांचं नाव झालेलं होतं."

"नाव झालं होतं, हे कबूल. अभिमानानं घेतलं, हे कशावरून? एखादं नाव नुसतं चिकटतं सुद्धा."

 मला राहवलं नाय. मी उभा राहिलो.

"सर, आमच्या आजाची होडी बगा ना! उपाशी नाव, स्वतः रंगवून घेतलं! त्यानं प्रबंधात लिहिलंय ते."

सर हसले, चांगलं हसले. "वाचलं मी. फार सुंदर आहे ते. पण गव्हाणची होडी हा मगधाचा पुरावा होत नाही हो."

हॉलमधी सगळे हसले. आमची माणसं पण हसली. प्रणित खाली बगत होता.

सर बोलले, "असं करा. शेवटचं प्रकरण काढून टाका. बाकीचा प्रबंध भक्कम आहे. मुदतीत पुन्हा सादर करा, मी सही करतो."

एवढंच. नापास नाय, हे सगळ्यांना नीट सांगा. एक प्रकरण काढायचं आणि डॉक्टर. येताना जीपमधी दाजी बोलले, "पेढे वाटायचे का नाय?" मी बोललो, वाटा. तिथंच रस्त्यावर वाटले, कर्नाळ्याला जाणाऱ्या टुरिस्टांना पण दिले.

रमा मॅडमचा फोन आला घरी. स्पीकरवर होता, मी ऐकला.

"प्रणित, काढ ते प्रकरण. उद्याच काढ. डिपार्टमेंटला मुलं नाहीयेत, मी गेले की कॉलेजवाले काय करतील कोण जाणे. माझं ऐक. पोटाचा प्रश्न आहे तुझा."

प्रणित बोलला, "मॅडम, मंग विरोधक बोलले तेच खरं झालं की. पोटासाठी साधू."

"ही चेष्टेची वेळ नाहीये रे."

"चेष्टा नाय, मॅडम. ते प्रकरण काढलं तर बाकी सगळं आधीच्यांनीच लिहिलेलं हाय. मी नुसतं मांडलं. माझं त्यात तेवढंच होतं."

फोन ठेवल्यावर त्यानं माझ्याकडं बगितलं. "दादा, काय करू?"

आता तुमी सांगा, काय बोलायला पायजे होतं मी? त्या प्रकरणात माझा आजा होता. आमच्या घराचं नाव पुस्तकात छापून आलं असतं. मी बोललो, "काढायचं नाय. आजा पंगतीतनं उठला तो परत बसला का? आपण उपाशी हाय. बोर्ड लावलाय मी. त्याच प्रकरणासकट डॉक्टर हो."

"पुरावा नाय, दादा."

"मंग शोध. कुठं तरी असेल."

"नसेल तर?"

"नसेल कसा? शोधायचा म्हंजे भेटतो."

त्यानं मान हलवली. शोधायला लागला. पुण्याला गेला, लायब्रऱ्या बगितल्या, कुठल्या कुठल्या पंडितांना पत्रं लिहिली. कोणी उत्तर द्यायचे, कोणी नाय. उत्तर यायचं ते एकच, त्यांचं स्वतःचं काही मिळत नाही. मधी मधी ते प्रकरण काढायला पण बसायचा. मी बगितलंय, कंप्युटरवर तेवढा भाग निळा करून ठेवायचा आणि बटणावर बोट ठेवून बसायचा, गुहेत ठेवलं होतं तसं. मंग उठून बाहेर यायचा आणि होडीला टेकून उभा राहायचा.

मुदत गेली. कशी गेली विचाराल तर सांगता येणार नाय, रोज थोडी थोडी गेली. मॅडम रिटायर होऊन पुण्याला लेकीकडं गेल्या. कॉलेजनं विषयच बंद केला. त्या वर्षी तत्त्वज्ञानाला एक पोरगी आली होती, तिला बोलले दुसरा विषय घे. जागा भरायची गोष्टच संपली. प्रणितचे तास गेले. वर्गाच्या दारावर विषयाचं नाव होतं, ते पण पुसलं. तो बोलला मला, तेवढंच नाव पुसलं, बाकीचा दरवाजा तसाच हाय.

बोर्ड नाक्यावर होताच. उन्हानं कोट फिका पडलेला. निकेश आणि बाकीचे येता-जाता, "डॉक्टर, कुठवर आलं ऑपरेशन?" एक दिवस दुपारी मी डंपर घेऊन नाक्यावर आलो, तर कोणीतरी पोलावर चढून ब्लेडनं बोर्ड कापतंय. मी खाली उतरलो शिव्या घालत. बगतो तर प्रणित. 'डॉ.' तेवढं कापून काढलं होतं.

"आरं, काय करतोस? उतर!"

"दादा, खोटं हाय ते."

"लोकं बगतायत, उतर खाली."

उतरला. तो तुकडा माझ्या हातात दिला. मी चिकटपट्टी आणून परत लावला. थोडा वाकडा बसला, पण लावला. दुसऱ्या दिवसापासून गावात त्याला कोणी प्रणित बोललाच नाय. कापलं तर अजून पक्कं झालं.

कंटेनरच्या यार्डात काम भेटलं त्याला, मीच लावून दिलं, माझी ओळख हाय तिकडं. कंटेनर आला की नंबर बगायचा, सील बगायचं, लिहून घ्यायचं. तिथल्या ड्रायव्हरांमधी आमच्या गावचे होते, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मंग तिकडं पण डॉक्टर. "डॉक्टरसाब, गाडी छोडो." पहिले पहिले तो प्रत्येकाला सांगायचा, मी डॉक्टर नाय, ते असं झालं, तसं झालं. समजावून सांगायचा, त्याला सवय शिकवायची. ड्रायव्हर हॉर्न मारायचे.

माझं पण भरावाचं काम संपत आलं होतं. भरायला खाडी उरली नाय, मंग माती कुठं टाकणार? डंपर उभा राहायला लागला. निकेशनं त्याचा विकला. मी नाय विकला. उभा हाय, पण माझा हाय.

मंग निवडणूक लागली. आचारसंहिता आली की सगळे बोर्ड उतरवतात, तसा आमचा पण उतरवला. माणसं फेकून देत होती, मी घरी आणला. होडी अंगणात उलटी पडलेली, तिचं लाकूड सुटायला लागलं होतं, तिच्यावर टाकला. लोक छापलेली बाजू खाली टाकतात. मी वर टाकली. का नाय टाकायची?

परवा सकाळी मी अंगणात होतो, प्रणित कामाला निघायची तयारी करत होता. कुरियरवाला आला, नवीन पोरगा, उलव्याच्या बाजूचा.

"डॉक्टर तांडेल इथंच ना?"

मी उत्तर देणार त्याच्या आधी प्रणित पुढं झाला. "मीच," बोलला. "दे." सही केली, पार्सल घेतलं. चार्जर का काय होता.

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. पोरगा गेला आणि मी प्रणितच्या पाठीत थाप मारली.

"घेतलंस! शेवटी घेतलंस ना नाव? आजासारखं! बग, मी काय बोलत होतो? आता येऊ दे निकेशला!"

तो पार्सल फोडत होता. बोलला, "तसं नाय, दादा."

"मंग कसं?"

"मी लिहिलं होतं, त्यांनी छाती पुढं काढून नाव घेतलं. तसं नसतं ते. रोज उठून मी तो नाय, मी तो नाय, सांगायला ताकद लागते. एक दिवस माणूस नाय सांगत. झालं. सर बोलले होते ना, नाव नुसतं चिकटतं. तेच खरं."

"आजाचं तसं नव्हतं," मी बोललो.

"काय माहीत."

"काय माहीत म्हंजे? रंगवून घेतलं त्यानं!"

"रंगवणाऱ्यानं विचारलं असेल, काय लिहू. आजा बोलला असेल, सगळे बोलतात तेच लिही." तो माझ्याकडं बगत पण नव्हता, वायर सोडवत होता. "आजाला कोणी विचारलं, दादा? आपण गोष्ट सांगतो. आजाच्या तोंडचं काय हाय आपल्याकडं?"

 मंग मी बोललो, "आरं, मंग हेच लिही ना! हाच तुझा पुरावा! परत घाल त्या सरांच्या समोर!"

"मुदत गेली. आणि लिहिलं तरी तो माझा शब्द झाला. त्यांचा नाय."

"मंग आता?"

"आता काय. गुंडा सुटलाय. संपेल तिथं थांबेल." हे तो चिडून नाय बोलला. चिडला असता तर बरं वाटलं असतं. डबा पिशवीत टाकला आणि निघाला. वाऱ्यानं बोर्डाचं टोक वर उचललं होतं, मी ते दाबायला गेलो. खाली नाळेवर आजाची अक्षरं, पाण्यानं रंग गेलेला, हात फिरवला तर पापुद्रे हाताला लागले. मी वर दगड ठेवला.

रस्त्यावरनं निकेशचा आवाज आला, "काय डॉक्टर, चाललात?"

"चाललो," प्रणित बोलला.

कालच्या हळदीत दाजींनी मला परत उभं केलं, विठू, ती आजाची सांग. मी सांगितली, नाय असं नाय. वाढपी पुढं गेला ते सांगितलं, आजा उठला ते सांगितलं. पण होडीशी आलो तर आवाज चढेच ना. मी पाणी मागितलं. तोवर मागनं निकेशनंच पुढचं सांगून टाकलं, आणि लोकांनी टाळ्या त्याला दिल्या.